कोरड्या हातांचा नेव्हिल

नेव्हिल ट्रेंबाथ पहिल्यांदा वजनकाट्यावर आला, तेव्हा त्याच्या मागे वॉलरूच्या धान्यकोठारांपासून थेट ॲडलेडपर्यंत गव्हाच्या ट्रकांची रांग लागली होती. निदान ग्लेनिस रॉडा तरी तसंच सांगते. शेवटच्या ट्रकातल्या गव्हाला तोवर मोड आले होते आणि मधल्या एका ड्रायव्हरने रांगेतच लग्न करून दोन मुलांना शाळेतही घातलं होतं, असंही ती सांगते. खरी गोष्ट एवढीच, की डिसेंबरच्या ऐन सुगीत, बेचाळीस डिग्रीच्या उन्हात, एका साठीच्या गृहस्थाने आपली रिकामी पिकअप काट्यावर आणून उभी केली, तो मागच्या हौद्यात चढला आणि काट्याच्या खिडकीत बसलेल्या ग्लेनिसला ओरडून म्हणाला, "मी आता उड्या मारतो. तू आकड्याकडे बघ."

"कशासाठी?"

"इंटरनेटवर एक बावळट म्हणतोय, माणूस उडी मारून हवेत असला की काटा कमी दाखवेल. आकडा हलणार नाही, स्पष्टच आहे. त्याला पुरावा पाठवायचाय."

"नाव काय त्या बावळटाचं?"

"खरं नाव कोण सांगतंय? स्वतःला 'वजनकाटा' म्हणवतो."

ग्लेनिसने खिडकी पूर्ण उघडली. "म्हणवतो नाही, म्हणवते. मार उडी."

नेव्हिलने मारली. एकशे दहा किलोचा माणूस जेवढा वर जाऊ शकतो तेवढा तो गेला, म्हणजे त्याच्या बुटांखालून एखादं पाकीट सरकवता आलं असतं. आकडा वर चढला, खाली घसरला आणि नेव्हिल परत आपटला तेव्हा बेडकासारखा उसळला. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवर ठेवलेला हात उचललाच नाही.

"आजोबा, नाचून झालं असेल तर उतरा!"

"नाचू दे रे, घरी कुणी नाचू देत नसेल!"

नेव्हिलने सहा उड्या मारल्या. सहाही वेळा आकडा हलला. मग घाम पुसत तो खिडकीशी आला आणि अत्यंत शांतपणे म्हणाला, "तुझा काटा बिघडलाय."

त्या संध्याकाळी त्याने आपल्या संकेतस्थळावर नवा नियम लिहिला: इथे प्रयोग चालणार नाहीत, प्रयोग खोटं बोलतात, हात कोरडे ठेवा आणि डोकं चालवा. पुढे तिथे जमणाऱ्या मंडळाला नावही तेच पडलं, 'कोरडे हात'.

या मंडळात ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सपासून पार न्यूझीलंडमधल्या इन्व्हरकार्गिलपर्यंतचे दोनशेबारा लोक होते. गणिताची आणि भौतिकशास्त्राची अवघड कोडी सोडवण्यासाठी ते जमत, असं ते स्वतः सांगत. प्रत्यक्षात ते दुसऱ्याचं उत्तर चुकलंय हे सिद्ध करण्यासाठी जमत. त्यांच्या जगात दोरीला वजन नव्हतं, कप्पी करकरत नव्हती, हवा आडवी येत नव्हती आणि गाय हा एक गोल ठिपका होता. चुलीवर दूध उतू जात असलं, तर उठून चूल बंद करण्याआधी ते किती सेकंदात उतू जाईल याचं समीकरण मांडणारी ही माणसं. यांच्यातल्या एकालाही, मी सांगतो, छत्री धड मिटता येत नव्हती.

पद्धत अशी होती. शुक्रवारी कुणीतरी कोडं घालायचं. उत्तर काळ्या पट्टीखाली झाकून लिहायचं, म्हणजे दुसऱ्याला आयतं मिळू नये. आणि रविवारी संध्याकाळी सहाला नेव्हिल सगळ्या पट्ट्या काढून निकाल द्यायचा. नेव्हिलने तीस वर्षं त्या भागातल्या घराघरांत पावसाच्या पाण्याच्या टाक्या बसवल्या होत्या. बायको गेल्यावर मूनटा गावातल्या घरात एक तो आणि एक निकाल, एवढंच उरलं होतं. मंडळाच्या अकरा वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. चुकणार कसा? बरोबर काय ते तोच ठरवत होता.

ग्लेनिस त्याच्याशी सात वर्षं भांडली. पन्नाशीतली बाई, शाळा सोळाव्या वर्षी सुटलेली, उरलेलं भौतिकशास्त्र काट्याच्या खिडकीत बसून शिकलेली. तिचं उत्तर बरोबर असलं तर नेव्हिल लिहायचा, 'उत्तर बरोबर, कारण गचाळ.' चुकलं तर लिहायचा, 'अपेक्षित.' तरी शुक्रवार उजाडला की ती जेवणाच्या सुट्टीत फोन उघडून बसायची. असल्या माणसाकडून एकदा तरी 'मी चुकलो' ऐकावं, यापलीकडे तिला काही नको होतं.

ती संधी खेकड्यांनी आणली.

तिचा नवरा डॅरिल फेब्रुवारीत वॉलरूच्या धक्क्यावर निळे खेकडे पकडायला जायचा. जाताना बर्फपेटीत बर्फाची मोठी लादी टाकायची, धक्क्यावर समुद्राचं पाणी काठोकाठ भरायचं, पेये त्यात गार ठेवायची. एका दुपारी खेकडे आलेच नाहीत, पेये तशीच पडून राहिली आणि बर्फ वितळला. पेटी गाडीच्या डिकीतच होती, गाडी जागची हलली नव्हती. तरी डिकीतला गालिचा ओला.

"पेटी गळते," ग्लेनिस म्हणाली.

"गळत नाही," डॅरिल म्हणाला. "नेहमीच असं होतं. तू आज बघितलंस."

ग्लेनिसने शुक्रवारी तेच कोडं घातलं: समुद्राच्या पाण्याने काठोकाठ भरलेली पेटी, त्यात तरंगणारी दहा किलोची बर्फाची लादी. बर्फ वितळला तर पाणी सांडेल की नाही?

नेव्हिलचं उत्तर चार मिनिटांत आलं. पट्टी वगैरे काही नाही, उघडं. 'तरंगणारा बर्फ आपल्या वजनाएवढंच पाणी बाजूला सारतो. वितळल्यावर तेवढीच जागा घेतो. सांडणार नाही. हे कोडं बालवाडीत द्यावं.'

'माझ्या गाडीचा गालिचा ओला झाला,' ग्लेनिसने लिहिलं.

'गालिचा म्हणजे प्रयोग. नियम वाच. शिवाय थंड भांड्याला बाहेरून घाम सुटतो.'

'बर्फपेटीला घाम सुटत असता तर लोकांनी बादलीच नसती का वापरली?'

झालं. दोन दिवसांत तीनशे चाळीस उत्तरं. केर्न्सच्या एकाने लाटांचा सिद्धांत मांडला. कुणीतरी चंद्राचं आकर्षण आणलं. गालिच्याने हवेतला ओलावा शोषला, असं एका निवृत्त सर्वेक्षकाने सात पानांत सिद्ध केलं. दोनशेबारा माणसांच्या घरात नळ होता, फ्रीजमध्ये बर्फ होता, मीठ होतं. आणि एकानेही वाटीभर पाणी घेतलं नाही. नियम होता ना.

शनिवारी नेव्हिलने जाहीर केलं: 'मंडळी, उद्या सहाला निकाल. मी चुकलो असेन तर निकालाची जागा सोडेन आणि या मंडळात पुन्हा एक अक्षर लिहिणार नाही.'

ओमारूचा बस ड्रायव्हर हेमी पाराता फारसा लिहीत नसे. त्याने विचारलं, 'पण निकाल देणार कोण?'

'मीच. दुसरं आहे कोण?'

'मग तुला काळजी नाही,' हेमीने लिहिलं.

ग्लेनिस रविवारी सकाळी धक्क्यावर पाय खाली सोडून बसली होती. फोनवर लोक तिला समजावत होते, की बाई, तुझा गालिचा मनाचा खेळ आहे. डॅरिल पाण्यात उतरून दोरी सोडवत होता.

"त्यांना सांग ना, सांडतं म्हणून," तो म्हणाला.

"कारण लागतं. कारणाशिवाय तो ऐकत नाही."

"कसलं कारण? पाणीच आहे ना ते?"

"तेच तर. पाणी म्हणजे पाणी."

"हे पाणी वेगळं," डॅरिल पाठीवर तरंगत म्हणाला. "काडीनाच्या पोहण्याच्या तलावात मी दगडासारखा जातो. इथे बघ, झोप काढीन."

ग्लेनिसने फोन खाली ठेवला. मग परत उचलला. तिने तिथेच, तळव्याने ऊन अडवत, सहा ओळी लिहिल्या आणि पट्टीखाली झाकल्या. समुद्राचं पाणी जड. म्हणून लादीला तरंगायला ते थोडं कमी बाजूला सारावं लागतं. पण वितळून होतं ते गोडं पाणी, ते हलकं, त्याला जागा जास्त लागते. दहा किलोच्या लादीला पाव लिटरहून जरासं कमी. ते सांडतं.

तीस वर्षं टाक्या बसवणाऱ्याच्या हाताखाली गोडं पाणीच गोडं पाणी. त्या मंडळातल्या एकाही कोड्यात पाण्याला कधी चव नव्हती.

सहा वाजले. निकाल आला नाही. सव्वासहा. हेमीने लिहिलं, 'काय रे, बर्फ अजून वितळतोय?' ग्लेनिस स्वयंपाकघरात उभी होती आणि तिला ठाऊक होतं, तो काय करणार. काटा बिघडलाय म्हणणार. समुद्र बिघडलाय म्हणणार. त्याच्या निकालावर अपील नव्हतं, आणि आपल्या खुर्चीचा निकाल देणारा तोच होता.

सहा चाळीसला नेव्हिलने लिहिलं:

'सांडेल. दोनशे चव्वेचाळीस मिलिलिटर. मी तीन वेळा करून पाहिलं, कागदावर. स्पष्टच आहे. मी चुकलो. वजनकाट्याचं कारण गचाळ नाही. मंडळाच्या किल्ल्या मी तिच्याकडे देतोय. नमस्कार.'

मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. ज्यांना अकरा वर्षं तो 'अपेक्षित' म्हणत आला होता, तेच त्याला थांब म्हणून विनवू लागले. सर्वेक्षकाने तर गालिच्याचा सिद्धांत परत घेऊन, पाणी नाही सांडलं तरी चालेल, असं लिहिलं. नेव्हिलकडून एक टिंबही आलं नाही.

ग्लेनिसने बुधवारी त्याला मूनटाच्या बेकरीत गाठलं. तो मांस-बटाट्याची पास्टी घेऊन कोपऱ्यात बसला होता.

"अरे खुळ्या, परत ये."

"शब्द दिलाय."

"मागितला कुणी होता? तूच दिलास, तूच घे परत."

"तसा नियम नाही."

"नियम तूच करतोस ना?"

"करत होतो." त्याने पास्टी दोन तुकडे करून मोठा तिच्याकडे सरकवला. "आता तू कर. हात कोरडे ठेवायचे की नाहीत, तेही तूच ठरव."

"नेव्ह, माझं ऐक. तू चुकलास हे ऐकायला मी सात वर्षं थांबले. ऐकून झालं. आता पुढे काय करू?"

"शुक्रवार आहे ना परवा," तो म्हणाला. "कोडं घाल."

आणि एवढा सव्वा मणाचा हेकटपणा घेऊन तो मुकाट्याने खात बसला. अकरा वर्षं जगाला मूर्ख ठरवणारा माणूस एका तोंडी शब्दासाठी, जो कुणीही धरून ठेवला नव्हता, आपलं उरलेलं घर रिकामं करून उठला होता. याला काय म्हणायचं? ग्लेनिसने त्याला जे म्हटलं ते बेकरीतल्या बाईने ऐकलं आणि ती दोन दिवस हसत होती. इथे ते छापता येणार नाही.

ग्लेनिसने प्रयोगांना परवानगी दिली. निकाल मतं घेऊन लावू, असंही लिहिलं. सगळ्यांनी छान, छान म्हटलं. तिने एकूण पाच कोडी घातली. पाचव्याला तीन उत्तरं आली, तिन्ही सारखी. जूनमध्ये मंडळ बंद झालं.