कौन्सिलला विचारू नका

लंडनमधलं वेम्बलीचं घर विकायला काढलं तेव्हा आमच्याकडे सगळे कागद होते, एक सोडून. पुढची खोली आणि जेवणाची खोली यांच्यामधली भिंत आम्ही काही वर्षांपूर्वी पाडून घेतली होती. असं काम तपासून कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, जो दाखला देते, तो आम्ही घेतलाच नव्हता. भिंत पाडली गणपतीसाठी, कारण आरतीला माणसं जिन्यात उभी राहायची. बिल्डर देवळातल्या ओळखीचा, म्हणजे 'आपला माणूस'. आपल्या माणसाकडे कागद मागायचा नसतो, त्याला वाईट वाटतं. या मेल्याने माझ्या पुरणपोळ्या तुपात बुडवून चापल्या, "वहिनी, वर लोखंडी बीम टाकलाय, हत्ती नाचवा," म्हणाला आणि पुढे फोन उचलेनासा झाला.

नवऱ्याला कार्डिफला नोकरी लागली होती. तो तिकडे भाड्याच्या खोलीत, मी आणि मुलगी इकडे. घर विकलं गेलं तरच सप्टेंबरात मुलगी तिकडच्या शाळेत जाणार होती आणि आम्ही तिघं एका छपराखाली येणार होतो. घर घेणारं जोडपं तरुण होतं, बाईला सातवा महिना. वरची मुलीची खोली बघून तिने पाळण्याची जागाही ठरवून टाकली होती.

आमचा सॉलिसिटर महाहुशार. "नो प्रॉब्लेम," म्हणाला. "दाखल्याऐवजी इन्शुरन्स पॉलिसी घ्या. उद्या दाखला नाही म्हणून कौन्सिलने घर घेणाऱ्यांना खर्चात पाडलं तर ती भरपाई देईल. अट एकच, कौन्सिलला काही विचारायचं नाही. विचारलंत तर पॉलिसी मिळणार नाही." भिंतीच्या जागी नेमकं काय आहे, हे त्याने विचारलं नाही. समोरच्यांच्या सॉलिसिटरनेही नाही. कागदाच्या जागी कागद आला की यांचं घोडं गंगेत न्हालं! असल्या हुशारीची मला किळस येते.

तरी मी गप्प बसणार होते. मला घर विकायचं होतं. आमच्या हरिश्चंद्राला मात्र राहवेना. "विचारायला काय जातंय?" म्हणत त्याने कार्डिफहून थेट कौन्सिलला फोन लावला. पॉलिसी गेली. संध्याकाळी मी त्याला जे बोलले ते लिहिण्याजोगं नाही.

मग कौन्सिलचा इन्स्पेक्टर आला आणि सीलिंग उघडून दाखवा म्हणाला. प्लास्टर उतरवलं तर लोखंडाचा पत्ता नव्हता. दोन जुन्या फळ्या एकमेकींना ठोकलेल्या होत्या, आणि त्या मधोमध वाकल्या होत्या. त्यांच्या बरोबर वर मुलीचा पलंग होता. मी जिना चढून गेले आणि आधी तिची गादी खाली आणली.

जोडपं अर्थातच गेलं, सप्टेंबरही हुकला. सॉलिसिटरला सगळं सांगितलं तर तो हळहळला.

"व्हॉट अ पिटी! तुमच्या मिस्टरांनी फोन केला नसता तर सगळं व्यवस्थित पार पडलं असतं."

"आणि पाळणा?" मी विचारलं.

"कुठला पाळणा?" तो म्हणाला.