मोडलेलं शील

ढोकीहून धाराशिवला निघालेल्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. गळ्यात सासरचा क्रूस, हातावर माहेरी गोंदलेलं ‘नमो बुद्धाय’, बोट मिश्रीच्या डबीत. रविवारी चर्चला जाते, पौर्णिमेला विहारात, असं सहज सांगत होती. पुढच्या सीटवर विहारातूनच परतणारे, पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थ होते. ते ऐकून मागं वळले आणि सगळ्या गाडीसमोर त्यांनी तिला झापलं, “आधी एक काहीतरी धरा! आणि पंचशील घेऊन वर ही नशा?”

माझं डोकं फिरलं. लोकांचा धर्म तपासायला याला नेमलं कुणी? मी उठणार, तेवढ्यात तिनं माझा हात दाबला.

“व्हय दादा, मोडतंय माझं,” डबीला झाकण लावत ती त्यांना म्हणाली. “मोडतंय म्हणूनच दर बारीला नव्यानं घेतात की पंचशील. चर्चातबी दर रविवारी माफी मागत्यात. एकदाच मागून भागलं असतं व्हय?”

ते तोंड फिरवून बसले. मी धुमसतच होते.

उतरताना ती मला म्हणाली, “जाऊ द्या ताई. कडू बोलून त्येंचंबी शील मोडलं आज. घेतील की उद्या पुन्यांदा.”

त्या माणसाला तो उद्या मला अजूनही देववत नाही.