कोळसाभट्टीच्या छपरावरचा लुशस

मला बोलायला उभं करू नये, असं आमच्या घरी सगळ्यांचं मत आहे. एका खोलीच्या शाळेत सहा यत्ता शिकलेला मी, पण गोष्ट सुरू केली की ताटातल्या बटाटा भरलेल्या पिरोग्या निवल्या तरी संपत नाही. लुशस पेटवेची गोष्ट तेवढी मी कधी सांगत नसे.

लुशस अमेरिकेतल्या आमच्या पोलाद कारखान्यात कोळसाभट्टीच्या छपरावर कामाला होता, वरून आत कोळसा ओतायचा. बुटांखाली लाकडी फळ्या बांधायच्या, नाहीतर तळवे भाजायचे. भट्टीवर सगळे काळे. आम्ही गोरे पत्र्याच्या खात्यात, तिथं धूर कमी नि पगार जास्त. गडी मोठा हसरा. मला, अँडी हुडॅकला, म्हणायचा, "अँडी, मी नरकात गेलो तर मला तिथं स्वेटर लागेल!"

गेल्या महिन्यात युनियनच्या हॉलमध्ये सभा होती. ब्रिजेट नावाची पोरगी निवडणुकीला उभी आहे. आमच्याच पक्षाची, कामगारांची कड घेणारी. मागं कापडी फलक: 'ते दिवस परत आणू'. मी जुन्या संपाचे किस्से सांगितले, हॉल हसून लोळला. "तेव्हा आम्ही सगळे भाऊ भाऊ होतो," असं म्हणून मीच लुशसला पुढं बोलावलं.

तो उठला, खोकला. "बावीस वर्षं भट्टीवर काढली, तेव्हा पत्र्याच्या खात्यात जागा निघाली. मी मागितली. पण करारात ज्येष्ठता खात्यापुरती. खातं बदललं की बावीस वर्षं पुसली, काल लागलेल्या पोराच्या खाली नाव. मी याच हॉलमध्ये म्हणालो, ज्येष्ठता अख्ख्या कारखान्याची धरा. हात वर करून मतं घेतली."

"मग?" ब्रिजेटनं विचारलं.

"मग काय, पोरी, हरलो. भट्टीवरच राहिलो, अजून खोकतोय."

"विरोधात कोण होतं, पेटवेकाका?"

"ज्यांना आठवतं, त्यांना आठवतं." माझ्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

मला आठवत होतं. त्या जागेवर माझ्या मेव्हण्याचा डोळा होता. विरोधात पहिला हात माझा. आता उभं राहून एवढंच सांगायचं होतं. जन्मभर तोंडाची टकळी चालवलेला मी बुटांकडं बघत बसलो. कुणी टाळीही वाजवली नाही. लुशस काठी टेकत जागेवर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याच्या घरी गेलो. तो ओसरीवर शेंगा सोलत होता.

"लुशस, तो हात माझा होता."

"मला काय सांगतोस? मी तुझ्या मागच्याच बाकावर होतो. हॉलला सांग."

पुढच्या सभेत सांगितलं. काही न रंगवता, मेव्हण्यासकट. आणि झालं काय? अख्खा हॉल उभा राहिला, टाळ्यांचा कडकडाट! ब्रिजेटनं मिठी मारली. "केवढं धाडस, हुडॅककाका!" मी म्हणालो, तो फलक तेवढा उतरवा. तर म्हणते, "अहो, दोनशे छापून झालेत."

संध्याकाळी लुशसचा फोन आला. "सांगितलंस म्हणे. लोक काय म्हणाले?"

मी फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिलो.

"अरे बोल की! तुझं तोंड कधीपासून बंद पडायला लागलं?"

"टाळ्या वाजवल्या," मी म्हणालो. "मला."

पलीकडून बराच वेळ नुसता खोकला ऐकू येत राहिला.