मागच्या मागे जिव्हाळा

जे काम पुन्हा पुन्हा करावं लागतं ते माणसानं करूच नये, असं माझ्या मेहुण्याइतकं मनापासून मानणारा प्राणी अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही. तो धरमपेठेत राहतो, घरी बसूनच कुठल्याशा कंपनीचं काम करतो आणि उरलेल्या वेळात स्वतःचा संसार पायथन नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहितो. सकाळी उठल्यावर त्यानं सुरू केलेला एक प्रोग्राम दिवसभर चालू असतो. त्याच्या मागे निरनिराळ्या कामांचे धागे ठरावीक वेळानं आपापले जागे होतात, नेमून दिलेलं काम उरकतात आणि पुन्हा झोपी जातात. धागे हा शब्द त्याचाच. सुरुवातीला म्हणे त्यानं सगळी कामं एकाच रांगेत लावली होती. पण पहिलं काम पुढच्या वेळेची वाट पाहत झोपलं की मागची सगळी ताटकळत उभी राहायची. मग त्यानं प्रत्येकाला वेगळा धागा दिला. तर्री-पोह्यांची प्लेट हातात धरून त्यानं मला हे समजावलं होतं. "भाऊजी, दूध तापत ठेवलं म्हणून पोळ्या थांबवतं का कोणी? दूध तिकडे तापून राहिलं, आपण इकडे पोळ्या लाटून राहिलो. बस, एवढंच आहे." मी मान हलवली. दूध उतू गेलं तर काय, हे विचारायचं मला सुचलं नाही.

पाणी पिण्याची आठवण, विजेचं बिल, कुंड्यांना पाणी, सगळं धाग्यांवर. पाठीच्या दुखण्यावर डॉक्टरांनी ताठ बसायला सांगितलं तर त्यासाठीही एक धागा आला आणि लॅपटॉप मिटला तरी तो बोलत राहावा अशी सोय झाली. आमच्या चुलत मेहुणीच्या साक्षगंधात हा लॅपटॉपची पिशवी खुर्चीखाली ठेवून बसला होता. गुरुजी मंत्र म्हणायचे थांबले, मंडपात जरा शांतता पसरली आणि पिशवीतून करड्या आवाजात हुकूम आला, "पाठ सरळ कर." मुलाकडच्या ज्येष्ठांची अख्खी रांग ताठ झाली. नवऱ्या मुलाचे आजोबा तर शेवटपर्यंत तसेच बसून होते. मी बुटांकडे पाहत राहिलो. मेहुणा मात्र माझ्या कानाशी लागून म्हणाला, "पाहा, एक मिनिट इकडेतिकडे नाही."

मेहुण्याच्या बायकोच्या कौतुकाचाही एक धागा होता. आठवड्यातून कधीतरी तो तिला आपण होऊन मेसेज पाठवायचा, "आजची भाजी फक्कड झाली." ती बिचारी हरखायची. एकदा ती चार दिवस माहेरी गेली असताना तिला हाच मेसेज पोचला. तिनं उलट एवढंच विचारलं, "कोणी केली?" ती संध्याकाळ मेहुण्यानं धागा म्हणजे काय हे समजावण्यात घालवली आणि ती पुढचा आठवडाभर माहेरीच राहिली. आम्ही हा किस्सा चहावर कितीदा तरी सांगितला आहे, आणि दर वेळी सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो आहे.

सगळ्यांना आवडलेला धागा मात्र बाबांचा होता. बाबा म्हणजे त्याचे वडील, माझे सासरे. वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर त्यांनी खापरखेड्यालाच लहानसं घर बांधलं. सासूबाई गेल्यापासून तिथे एकटेच असतात. रोज संध्याकाळी त्यांना मुलाचा मेसेज जायचा, "बाबा, जेवले का?" ते लिहायचे, "हो. तू?" आणि इकडून लगेच उत्तर जायचं, "हो." एकदा मेहुण्यानं हे आम्हाला कौतुकानं दाखवलं. माझी बायको, म्हणजे त्याची मोठी बहीण, तिला जरा लागलं. पण खरं सांगायचं तर आम्हाला बरंच वाटलं. रोज विचारणारं कोणीतरी आहे म्हटल्यावर आम्हीही फोन करायचं हळूहळू सोडून दिलं.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी आम्ही मेहुण्याकडे बसलो होतो, तेवढ्यात बाबा दारात उभे. न कळवता, एसटीनं, हातात डबा घेऊन. पाणीसुद्धा न पिता त्यांनी डबा उघडून मुलापुढे धरला. पोळ्या आणि वांग्याची भाजी.

"हे पाय, करतो मी आता दोन्ही टाइम," ते म्हणाले. "त्या दिवशी तुले बोलून गेलो का कुकर बिघडला, जेवलो नाही, एकट्यासाठी काय करत बसू. चुकलंच माहं. तवापासून तू विचारणंच बंद केलं. तुह्या कामाच्या घाईत मी असं बोलाले नाही पाहिजे होतं. रागावू नको गा."

मेहुण्याला काही उमजेना. त्यानं लॅपटॉप उघडला. प्रोग्राम मजेत चालू होता, वर हिरवी खूण. मग त्यानं बाबांचे मेसेज काढले. उत्तरं वाचणं धाग्याचं काम, म्हणून त्यांच्या नंबराचा आवाज त्यानं बंदच करून ठेवला होता. शेवटचं उत्तर लिहिलेलं नव्हतं. कुकर बिघडल्याचं लिहून सांगण्याचा त्यांना कंटाळा आला असावा, त्यांनी ते बोलून पाठवलं होतं. धाग्याला फक्त अक्षरं वाचता येत. आवाज आल्यावर तो अडखळला आणि तिथेच मेला. बाकीचा प्रोग्राम मात्र काही घडलंच नाही असा चालत राहिला. त्याला तीन आठवडे होऊन गेले होते.

मेहुण्यानं कधी नव्हे ते कोणाकडेच पाहिलं नाही. "बाबा, मी रागावलो नव्हतो," तो म्हणाला. "मले माहीतच नव्हतं. ते मी विचारतच नव्हतो. हा प्रोग्राम विचारे. तुमचा आवाज त्याले समजला नाही."

बाबा लॅपटॉपकडे पाहत राहिले. मग डब्याचं झाकण लावत म्हणाले, "असू दे गा. तो रोज विचारे तरी."

ते मेहुण्याला म्हणाले होते, पण मान आम्हा तिघांचीही खाली गेली. माझी बायको पाणी आणायला म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

मेहुण्याचे बाकीचे धागे अजून चालू आहेत. बाबांचा तेवढा त्यानं काढून टाकला. आता संध्याकाळी तो स्वतः फोन करतो. बापलेकांना एकमेकांशी बोलायची सवय नाही. भाजी कोणती केली हे झालं की दोघंही फोन कानाला लावून नुसते बसतात. आम्हीही बहुतेक रविवारी खापरखेड्याला जातो. बाबा सकाळपासून खपून सगळ्यांचा स्वयंपाक करून ठेवतात आणि आम्ही चपला काढायच्या आत दारातूनच सांगतात, "जावईबापू, माहं जेवण झालं, तुम्ही बसा." ते खरंच जेवलेले असतात की नाही, हे विचारायला माझी अजून जीभ रेटत नाही.