नाव कशाला पाहिजे

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी जळगावात एका सायबर कॅफेत काम करत होते. कॅफेच्या सरांनी खानदेशातून बाहेर गेलेल्यांसाठी एक वेबसाइट काढली होती. पुणे, मस्कत, अमेरिका, कुठून कुठून लोक तिच्यावर लिहायचे. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. सरांना ती आता बदलायची होती. वाचायचं असलं तरी आधी नाव, गाव, पासवर्ड. आणि आत्ता जे वाचताहेत त्यांची नाव-गावं पानाच्या कडेला सगळ्यांना दिसणार. "कोणीही येऊन काहीही लिहून जातं, ते बंद होईल," ते म्हणाले. लोकांना नमुना दाखवून मतं विचारायचं काम माझ्याकडे आलं. अनोळखी माणसाशी बोलायला मी बुजायची. मुलगी विचारायला आली की लोक तोंडावर नाही म्हणत नाहीत, असा सरांचा हिशेब असावा.

झालंही तसंच. सगळे म्हणाले, छान आहे. यजमानीण समोर उभी राहून भाजी कशी झाली विचारते तेव्हा म्हणतात, तसं छान. मला एकाचंही खरं वाटेना.

धुळ्याला सरांच्या भावाचा कॅफे होता, तिथेही गेले. परदेशातल्या मुलाचा निरोप वाचायला आलेल्या एका बाईंना नाव-गाव विचारलं, तर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोणाकडून आलीस? आमच्या मुलाचं जमलंय." आमच्याकडे नाव, गाव आणि तुम्ही कोणाचे, एवढं एका दमात विचारणारं माणूस स्थळाच्या चौकशीलाच आलेलं असतं. लग्नं जुळवणाऱ्या वेबसाइट तेव्हा नुकत्याच निघाल्या होत्या; मी वेबसाइटचं म्हटल्यावर तर त्यांची खात्रीच पटली.

माझा स्वतःचा संशय नानांवर होता. ते चोपड्याकडचे केळीवाले. शनिवारी एसटीने यायचे. इंग्रजी अक्षरं त्यांना येत नव्हती, म्हणून मी वाचून दाखवायची. "बठ्ठं वाच," म्हणजे सगळं वाच, म्हणायचे आणि रस्त्यावरच्या रिक्षा बघत बसायचे. अमेरिकेतली एक बाई 'चोपडेकरीण' या नावाने लिहायची. तिचं आलं की मात्र नाना टोपी काढून मांडीवर ठेवायचे. तिचं संपलं की, "आते राहू दे." एका अनोळखी बाईचं इतकं कान देऊन ऐकणारा माणूस मला बरा वाटेना. एकदा मुद्दाम तिचं गाळून पुढे गेले.

"चोपडावालीनं काही नही का?" त्यांनी लगेच विचारलं.

मग वाचलं. तिने लिहिलं होतं, की जातीबाहेर लग्न केलं म्हणून घरचं दार बंद झालं. पण बागेला पाणी सोडताना आबा इंजिन सुरू करायचे, तो आवाज अजून झोपेत ऐकू येतो. मी मान वर केली. नाना पंख्याकडे बघत होते. त्यांना घरी आबा म्हणत असतील, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

पुढच्या शनिवारी त्यांना नवा नमुना दाखवला.

"नाव कसाले जोयजे?"

"नवी पद्धत आहे, नाना. वाचणाऱ्याचं नाव इथे दिसेल."

"कोनले दिसी?"

"सगळ्यांना."

"तिले बी?" बोलून गेले आणि थांबले. मग खालच्या आवाजात, "तुले कोनी धाडं? मना भाऊनी?"

त्यांच्या भावाने मला पाळतीवर पाठवलंय का, असं ते विचारत होते. नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. टोपी घालून निघून गेले.

मी सरांना सांगितलं, एकांना हे नको आहे.

"कोणाला?"

"त्यांना नाव सांगायचं नाही."

सर हसले. "मग? याच्यासाठीच तर बदलतोय."

नवी साइट सुरू झाली. नाना बरेच दिवस आले नाहीत. एका शनिवारी आले ते दारातच उभे राहिले. मी माझ्या नावाने साइटवर शिरले आणि कडेला दिसणारं माझं नाव त्यांना बोटाने दाखवलं.

"मनं नही ना?"

"नाही, तुमचं नाही."

तेव्हा कुठे बसले. पुन्हा शनिवार सुरू झाले. मी वाचायची, ते ऐकायचे, दोघांपैकी कोणी काही लिहायचं नाही. मला वाटलं, हे असंच चालेल.

पण चोपडेकरीण हुशार होती. एक दिवस तिने माझं नाव घेऊन लिहिलं: 'ताई, दर शनिवारी तुमचं नाव दिसतं. तुम्ही जळगावच्या. कधी काही लिहीत नाही, नुसतं वाचता. खरं सांगा, आमच्या घरून कोणी पाठवलंय का तुम्हाला?'

बाकीचं जसं वाचायची तसंच, आवाज न बदलता मी तेही वाचलं. बाजूच्या कॉम्प्युटरवर कोणीतरी मोडेम लागत नाही म्हणून कुरकुरत होतं.

"काय लिहू, नाना? नाही म्हणू?"

ते उठले. दारापर्यंत गेले, बाहेर बघत उभे राहिले. परत येऊन खुर्चीची पाठ धरून म्हणाले, "हां म्हन."