मिठाच्या खोलीतले जवारे

कौशल्याबाई शिर्क्यांनी हाती घेतलेलं काम अर्ध्यात टाकलंय असं कुणी पाहिलेलं नाही. माहेर नागरवाड्यातलं, सासर सुभानपुऱ्यातलं. म्हणजे जन्म बडोद्यात आणि संसारही बडोद्यातच. सासरच्या माणसांना आपले पणजोबा सरकारी पागेत होते याचा कोण अभिमान! घोडे गेले, पागा गेली, ऐट तेवढी उरली आणि ती सगळी बाईंच्या यजमानांच्या, धनाजीरावांच्या वाट्याला आली. ते तीस वर्षं एका कारखान्याच्या फाटकावर होते, तिथला रुबाब घरात अजून चालू आहे. बाईंनी मात्र साड्यांना फॉल लावले, डबे पोचवले, आणि साठी उलटल्यावर मागच्या खोलीत शेती सुरू केली.

शेती म्हणजे गव्हांकुर. धनाजीरावांना मधुमेह निघाला तेव्हा कुणीतरी रस घ्यायला सांगितला होता. त्यांनी तीन दिवस घेतला आणि चौथ्या दिवशी मी काय बैल आहे का म्हणून पेला बाजूला सारला. बाईंना मात्र त्याची गोडी लागली. खोलीत लोखंडी मांडण्या आल्या, मांडण्यांवर ताटं आली, बागेत फिरायला येणारी मंडळी सकाळी रस प्यायला दारात उभी राहू लागली. पावसाळ्यात तेवढी ही शेती बंद असायची.

यंदा ज्येष्ठ महिन्यात सोसायटीच्या महिला मंडळाच्या तरुलताबेन आल्या. आषाढी एकादशीपासून गुजराती मुलींचं गौरीव्रत लागतं. पाच दिवस अळणी जेवायचं आणि मातीच्या परळात उगवलेल्या जवाऱ्यांची, म्हणजे गव्हाच्या कोवळ्या अंकुरांची, पूजा करायची. पूर्वी घरोघरी आज्या पेरायच्या. आता आज्या गावाला आणि आया नोकरीला. कौशल्याबेन, चौसष्ट परळ करून द्याल का, असं त्यांनी विचारलं. बाई लगेच हो म्हणाल्या.

दोन दिवसांनी कानावर आलं की मंडळात कुणीतरी नाक मुरडलं होतं, मराठी मासीला आपल्या जवाऱ्यांतलं काय कळतंय म्हणून. त्यावर तरुलताबेननी जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतली होती. बाईंना हे फार लागलं. चाळीस वर्षं या गल्लीत काढली, यांच्या बाळंतिणींना डिंकाचे लाडू करून घातले, तरी मराठी मासी ती मराठी मासीच! आता एकही परळ वाया जाऊ द्यायचा नाही, अशी गाठच त्यांनी मनाशी मारली.

आधी चार परळ पेरून पाहिले, आणि चारही कुजले. बाईंनी ते घटासारखे वाढवले होते ना! नवरात्रात देवघराचं दार लोटून ठेवायचं, दिव्याला वारा लागू द्यायचा नाही, आणि घटावर रोज हाताने पाणी शिंपडायचं, सासूबाईंनी शिकवलेलं. पण घट बसतो आश्विनात, आणि हा होता भर पावसाळा. तिसऱ्या दिवशी दाण्यांवर पांढरी बुरशी धरली, पाचव्या दिवशी खोलीला आंबूस वास सुटला. पाणीगेटच्या बाजारातून त्यांनी हवेतला ओलावा सांगणारी एक लहानशी तबकडी आणली. काटा ब्याण्णववर जाऊन बसला होता.

ओलावा शोषणारं यंत्र मिळतं, पण त्याची किंमत ऐकून बाईंनी त्याचं नावच टाकलं. त्याऐवजी खोलीत स्टूल टाकून बसल्या आणि हा ओलावा येतो कुठून ते बघत राहिल्या. पहिलं कारण डोक्यावरच लटकत होतं. पावसाळ्यात कपडे वाळायचे याच खोलीत, आणि त्या घटकेला धनाजीरावांच्या दोन लुंग्या टपटप गळत होत्या. दोरी तिथल्या तिथे सुटली आणि लुंग्या दिवाणखान्यात पंख्याखाली गेल्या. पागेच्या वारसाला पाहुण्यांसमोर लुंग्या वाळवाव्या लागल्या, त्याचा राग आठ दिवस टिकला.

मग वरून शिंपडणं बंद झालं. परळाच्या बुडाला भोकं पाडून ते सकाळी घटकाभर पाण्याच्या ताटात ठेवायचे, पुरेसं पाणी प्यायले की निथळून उचलायचे. परळांत चार-चार बोटांचं अंतर ठेवलं. जुना टेबलपंखा भिंतीकडे तोंड करून लावला, म्हणजे वारा खोलीभर फिरेल पण कोवळ्या अंकुरांना झोडपणार नाही. पाऊस पडत असताना खिडकी बंद ठेवायची, कारण बाहेरची हवा आतल्याहून ओली. दुपारी उघडीप मिळाली की सताड उघडायची. एवढं करून काटा ब्याऐंशीवर आला आणि तिथेच हटून बसला.

शेवटचा उपाय मिठाचा. लोणच्याची बरणी उघडी राहिली की वरचं मीठ कसं पाझरतं हे काय बाईंना कुणी सांगायला हवं? गुरांना घालतात ते जाडं मीठ त्यांनी अर्धं पोतं आणलं, सहा टोपल्यांत भरून टांगलं आणि खाली बादल्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी बादल्यांत चक्क पाणी साचलं होतं. ओलं झालेलं मीठ कढईत भाजून पुन्हा टांगायचं, की झालं. काटा शहात्तरवर उतरला. एकादशीला आठ दिवस होते तेव्हा चौसष्ट परळ पेरले, आणि सातव्या दिवशी ते असे तरारले की धनाजीराव कुणी बोलावलं नसताना दारात येऊन बघून गेले.

दशमीच्या संध्याकाळी तरुलताबेन आल्या. जवारे पाहून त्यांचा चेहरा खुलला, पण मान वर गेली आणि टोपल्या दिसल्या. हे काय, त्यांनी विचारलं. बाईंनी मोठ्या हौसेने सगळं सांगितलं.

"कौशल्याबेन, हे अळणी व्रत आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पाच दिवस आमच्या मुली मिठाला शिवत नाहीत. आणि तुम्ही जवारेच मिठात वाढवले."

बाईंनी वर टोपल्यांकडे पाहिलं. पाच दिवस अळणी जेवायचं हे त्यांना माहीत होतं हो, पण टोपल्या टांगताना एकदाही आठवलं नाही. त्यांच्या घरच्या उपासाला मीठ चालतं. मीठ विटाळासारखं लांब ठेवायचं, हे त्यांच्या बोटांना ठाऊकच नव्हतं. तरुलताबेन निघून गेल्या.

धनाजीरावांनी तोडगा काढला. मीठ आत्ताच्या आत्ता परसात नेऊन ओतायचं, पाहिलं ते एकट्या तरुलताबेननी, आणि त्या बोलतील कशाला, जबाबदारी त्यांचीच आहे. तोडगा चांगला होता. बाईंनी टोपल्या उतरवल्या, बादल्या रिकाम्या केल्या, फरशी पुसली. पण सहा-सात वर्षांच्या पोरी पाच-पाच दिवस मोठ्या भक्तीने अळणी भाकरी चावणार, आणि त्यांच्यापासून आपण हे लपवायचं? बाईंचं मन काही घेईना. त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला होता, रडूही आलं.

एकादशीला सकाळी आया आल्या, काहीजणी मुलींना हाताशी धरून. परळ ओट्यावर मांडलेले होते. बाई दारातच उभ्या राहिल्या.

"हात लावायच्या आधी ऐका," त्या म्हणाल्या. "बुरशी धरू नये म्हणून या खोलीत मी मीठ टांगलं होतं. मातीत चिमूटभरही गेलेलं नाही, पण खोलीत होतं. तुमचं व्रत अळणी, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. चूक माझी आहे. ज्यांना नको वाटेल त्यांनी नेऊ नका, मला वाईट वाटणार नाही."

हे शेवटचं वाक्य खोटं होतं आणि ते तिथल्या सगळ्यांना कळलं. एक सूनबाई मुलीचा हात धरून मुकाट्याने फाटकाबाहेर गेली. तिच्यामागे दुसरीही निघाली.

तेवढ्यात मागून तरुलताबेन पुढे आल्या. त्यांनी चप्पल काढली, ओट्याशी बसल्या आणि एका परळाच्या काठची एक पात खुडून तोंडात टाकली. सगळ्याजणी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्यांनी पात सावकाश, चोथा होईपर्यंत चावली.

"मोळुं छे," त्या म्हणाल्या. अळणी आहे.

मग तोच परळ दोन्ही हातांनी उचलून त्यांनी आपल्या नातीच्या ओंजळीत ठेवला, आणि दुसऱ्या मुलींना रांगेत यायला सांगितलं.