वाळूतले पाच सलगम

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या उपासनाताईंचा हात मोठा सढळ. विहारात भोजनदान असलं की परसातलं सगळ्यात देखणं ते तिकडे जायचं. "द्यायचं ते उजवं द्यावं, डागाळलेलं आपण खावं," ही त्यांच्या आईची शिकवण.

परसातल्या सलगमच्या कंदांचं बी शेजारच्या अमेरिकन आजींचं, त्यांच्या पणजीपासून चालत आलेलं. वृद्धाश्रमात जाताना त्यांनी बरणी ताईंच्या हातात ठेवली. "हे बी आता फक्त तुझ्याकडे आहे. जाऊ देऊ नकोस."

इथल्या हिवाळ्यात कंद जमिनीत राहिले तर गोठून सडतात. म्हणून बियाण्याचे कंद आधीच उपटायचे, गॅरेजमध्ये ओलसर वाळूत ठेवायचे, एप्रिलमध्ये पुन्हा लावायचे. मग पिवळी फुलं, शेंगा, बी. सहा वर्षं ताईंनी हे नेमानं केलं. पण सलगम वर्षागणिक बारीक होत गेले. यंदा तर बहुतेक लिंबाएवढे, आत नुसते दोरे. खत झालं, माती बदलून झाली. शेवटी एक कंद घेऊन त्या आजींकडे गेल्या.

आजींनी तो हातात फिरवला. "वाळूत कोणते ठेवतेस?"

"उरलेले. चांगले दानाला जातात."

आजींनी कंद परत ताईंच्या हातात ठेवला. मग म्हणाल्या, "अगं, सहा वर्षं तू बारक्यांचंच बी धरलंस."

ताई तडक निघाल्या. घरी येऊन निवडले तर धड असे पाचच निघाले. आणि रविवारी चीवरदान, विहारात भिक्खूंना वस्त्रं नि जेवण द्यायचा दिवस.

"मॉम, स्टोअरमधले घेऊन जा ना," लेक रोशनी म्हणाली. "हू विल नो?"

"भन्ते विचारतात गं दरवर्षी. खोटं बोलू?"

पाचही वाळूत गेले. विहारात भन्तेंनी भाजी घेतली नि नेहमीसारखं विचारलं, "घरचे?"

"नाही भन्ते, दुकानातले. घरचे चांगले होते, ते मी ठेवून घेतले." ताई म्हणाल्या.

"बरं," म्हणून भन्ते जेवू लागले.

"बरं म्हणजे काय हो?" परतताना ताईंनी नवऱ्याला दोनदा विचारलं.

"बरं म्हणजे बरं," गाडी चालवत अनुप म्हणाले.

घरी येताच ताई गॅरेजमध्ये गेल्या, वाळू बाजूला सारली. एका कंदाला उपटताना फावडं लागलं होतं. तिथं बोट टेकताच मऊ लागलं. तो त्यांनी बाहेर काढला. उरलेले चार पुन्हा झाकले आणि खोक्यावर आईची गोधडी घातली.